आधी हिशोब मांडा, मग अर्ज लिहा: इंदूरच्या एका महिला मंडळाच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर संस्थांनाही उत्तर लावून पाहता येईल. तुमचं महिला मंडळ जुनं आहे, पंजीयन झालेलं आहे. बायपासलगतच्या दोन वस्त्यांमध्ये बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी तुम्ही अकरा वर्षं दुपारचे अभ्यासवर्ग चालवता. बहुतेक कुटुंबं झाबुआ, अलीराजपूर, खरगोनकडून आलेली. साठेक मुलं येतात. आजवर सभासदांच्या वर्गणीवर आणि गणेशोत्सवातल्या स्टॉलच्या पैशांवर भागत आलं. आता पाच लाखांच्या अनुदानासाठी तीन ठिकाणी अर्ज केले आणि तिन्हीकडून नकार आला, कारण कोणीच सांगितलं नाही. तुमचं विचारणं असं की आमचं इंग्रजी कमी पडतं का, मंजूर रकमेच्या दहा टक्क्यांवर अर्ज लिहून द्यायला तयार असलेल्या सल्लागारांना काम द्यावं का, आणि अर्ज नेमका करावा कुठे.

मी इंदूर-देवास भागातल्या लहान संस्थांना अर्ज तयार करायला बरीच वर्षं मदत करते आहे. मधली काही वर्षं एका देणगीदार न्यासाच्या निवड समितीवर होते, म्हणून असे अर्ज वाचायच्या बाजूनंही पाहिलेत. तुमचे तिन्ही अर्ज माझ्यासमोर नाहीत, त्यामुळे नकार कशामुळे आला हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. कधी त्या वर्षीचे पैसे आधीच वाटून झालेले असतात, कधी देणाऱ्याचं काम दुसऱ्या जिल्ह्यात असतं, आणि चांगला अर्ज तसाच परत येतो. पण तुम्ही प्रश्नात बजेटचे चार आकडे दिलेत, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच दिसते.

तुमचं बजेट असं होतं: शिक्षिकांचं मानधन २ लाख, साहित्य व इतर दीड लाख, कार्यक्रम १ लाख, किरकोळ ५० हजार. एकूण बरोबर ५ लाख. निवड समितीतला माणूस अर्ज हातात आला की बहुधा आधी हेच पान उघडतो. एकेका बैठकीत अर्जांचा ढीग असतो आणि वस्तीची कळकळ सगळ्यांच्याच अर्जात असते. फरक कळतो तो हिशोबाच्या पानावर. पाच लाख ही बेरीज आधी ठरवून खालचे आकडे तिच्यात बसवलेत, हे सरावलेल्या डोळ्याला लगेच दिसतं. ‘किरकोळ’ला दहा टक्के, ‘व इतर’ला किती ते माहीत नाही, आणि ‘कार्यक्रम’ म्हणजे स्नेहसंमेलन की पालकसभा हे कुठेच लिहिलेलं नाही. वाचणाऱ्याला तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका येत नाही. त्याला शंका येते ती वर्षभर तुम्ही नेमकं काय करणार हे तुमचं ठरलंय का, याची.

म्हणून माझा आग्रह असतो की अर्जाची सुरुवात बजेटपासून करावी, मजकूर नंतर लिहावा. हिशोब मांडायला बसलं की सगळे अवघड निर्णय घ्यावेच लागतात. वर्ग वर्षातले किती महिने? शिक्षिका किती, किती तासांसाठी? खोलीचं भाडं कोण देतं? हे ठरलं की मजकूर निम्मा लिहून झाल्यासारखाच असतो.

तुमच्यासाठी एक नमुना मांडून दाखवते. आकडे माझे आहेत, तुमच्या वस्तीतले दर तुम्ही घाला. दोन शिक्षिका, दरमहा ८,००० मानधन, बारा महिने: १,९२,०००. अर्धवेळ समन्वयक, दरमहा ६,०००: ७२,०००. दोन खोल्यांचं भाडं, प्रत्येकी दरमहा ३,५००: ८४,०००. साठ मुलांचं साहित्य, मुलामागे ९००: ५४,०००. शिक्षिकांचं प्रशिक्षण: १६,०००. ऑडिट: १२,०००. बेरीज ४,३०,०००, म्हणजे मुलामागे वर्षाला साधारण ७,२०० रुपये. त्यातलं खोल्यांचं भाडं मंडळ वर्गणीतून देणार असेल तर तसं स्पष्ट लिहा आणि मागणी ३,४६,००० ची करा. या आकड्यात गोल शून्यं नाहीत, आणि प्रत्येक ओळीमागे गुणाकार आहे. कुणी विचारलं की साहित्याचे ९०० कसे, तर वह्या, पाटी, वाचनकार्डं, पेन्सिली असं तुम्ही पटापट सांगू शकाल. मंडळ स्वतः ८४ हजार घालतंय हे वाचून समोरच्याला जो विश्वास वाटतो, तो दोन पानांच्या प्रस्तावनेनं वाटत नाही.

मागायची रक्कम किती असावी, हे परिस्थितीवर आहे. मी संस्थांना सांगते की पहिलं अनुदान तुमच्या वर्षाच्या एकूण उलाढालीपेक्षा फार मोठं मागू नका. ऑडिटमध्ये वर्षाचा जमाखर्च दीड-दोन लाखांचा दिसत असेल आणि मागणी पाच लाखांची असेल, तर ‘एवढे पैसे ही संस्था सांभाळेल का’ हा प्रश्न येणारच. पहिल्या वर्षी एकाच वस्तीपुरते पैसे मागा, नीट खर्च करा, हिशोब वेळेत द्या. दुसऱ्या वर्षी त्याच माणसाकडे दुप्पट मागायला संकोच वाटणार नाही.

आता मजकुराकडे येते. तुम्ही लिहिलेलं वाक्य होतं, ‘वस्तीत शिक्षणाविषयी जागृतीचा अभाव आहे.’ हे वाक्य देशातल्या कुठल्याही वस्तीला लागू पडतं, म्हणून वाचणाऱ्याच्या मनात त्यातून काहीच उरत नाही. शिवाय ते अन्यायाचंही आहे. जी आई दिवसभर विटा वाहून मुलाला तुमच्या वर्गात पाठवते, तिच्याकडे जागृतीचा अभाव कसा म्हणायचा? त्याऐवजी मुलांना काय येतं आणि काय येत नाही ते मोजा. ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या सर्वेक्षणात वाचनाची जी चाचणी वापरतात, तिच्यात अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असे टप्पे असतात. ती हिंदीत उपलब्ध आहे, एका मुलाला काही मिनिटंच लागतात. तिसरी ते पाचवीच्या सगळ्या मुलांची ही चाचणी दोन दुपारींत होऊन जाईल. मग तुम्ही लिहू शकाल: ‘आमच्या वर्गातल्या तिसरी ते पाचवीच्या ३८ मुलांपैकी २३ जणांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता येत नाही.’ आकडे अर्थात तुमचे खरे हवेत. या एका वाक्यात गरजही आली, आणि वर्षाअखेरीस काय तपासायचं तेही आलं.

‘असर’चा विषय निघालाच आहे तर एक सांगते. पुष्कळ अर्जांमध्ये त्या अहवालातला मध्य प्रदेशाचा आकडा उचलून चिकटवलेला असतो. ते सर्वेक्षण ग्रामीण भागातल्या घरांमध्ये होतं. इंदूर शहरातल्या वस्तीची गरज दाखवायला तो आकडा दिला, की शिक्षणक्षेत्र जाणणारा वाचक तिथेच थांबतो. त्यापेक्षा तुम्ही स्वतः मोजलेली अडतीस मुलं कितीतरी मोलाची.

समिती हमखास विचारते असा आणखी एक प्रश्न म्हणजे, हे तर सरकार करतंच आहे, मग तुम्ही कशाला? २०२१ पासून निपुण भारत अभियान चालू आहे, मध्य प्रदेशात त्याचंच मिशन अंकुर आहे, आणि दोन्हींचा भर लहान वर्गांतल्या वाचन-गणितावरच आहे. अर्जात याचा उल्लेखच नसेल तर तुम्हाला माहीत नाही असा अर्थ निघतो. उत्तर तुमच्याकडे तयार आहे, फक्त ते लिहिलेलं नाही. तुमची मुलं घरी भिली किंवा निमाडी बोलतात, शाळेत हिंदी ऐकतात. साइट बदलली की शाळाही बदलते. पेरणीला कुटुंब गावी जातं, होळीच्या आधी भगोरियाला, म्हणजे आदिवासींच्या जत्रेला जातं, आणि परत येईपर्यंत मूल चार धडे मागे पडलेलं असतं. शाळेच्या वेळापत्रकात या मुलासाठी जागा नाही, तुमच्या वर्गात आहे. हेच लिहा.

भगोरियाचं मी मुद्दाम काढलं. एका संस्थेनं अर्जाच्या वेळापत्रकात लिहिलं होतं की होळीच्या आधीच्या आठवड्यात आणि नंतरचे काही दिवस हजेरी निम्म्यावर येते, म्हणून त्या काळात चाचणी ठेवणार नाही, परतलेल्या मुलांसाठी उजळणीचे वर्ग ठेवू. आमच्या समितीत त्या अर्जावर सगळ्यांत कमी वेळ चर्चा झाली. ही माणसं वस्तीत रोज जातात, हे त्या दोन ओळींवरून सगळ्यांना पटलं होतं. तुम्हाला अशा वीस गोष्टी माहीत असतील. तुम्हाला त्या इतक्या अंगवळणी पडल्यात की अर्जात लिहाव्यात असं वाटत नाही. वर्ग घेणाऱ्या दोघी शिक्षिकांना समोर बसवा, वर्षाचे बारा महिने एकेक करून विचारा, कोणत्या महिन्यात काय अडतं ते टिपून घ्या. अडचणी लपवलेल्या अर्जापेक्षा अडचण सांगून तिच्यावरचा उपाय मांडणारा अर्ज नेहमी वरचढ ठरतो.

अर्ज कुठे करावा? तुमच्यासाठी मला कंपन्यांचा सीएसआर निधी, म्हणजे कायद्यानं समाजकार्यासाठी बाजूला काढायचे पैसे, सगळ्यांत जवळचा वाटतो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार, ज्या कंपनीची नक्त मालमत्ता किमान ५०० कोटी किंवा उलाढाल किमान १,००० कोटी किंवा निव्वळ नफा किमान ५ कोटी आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी लागते. कारखाना जिथे आहे त्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही कायद्यात आहे. पीथमपूर आणि देवासचे कारखाने आपल्याला इतके जवळ आहेत, तरी आपल्याकडच्या संस्था मुंबईच्या मोठ्या नावांकडे अर्ज पाठवत बसतात. ज्या कंपनीचा सीएसआर वर्षाला ५० लाखांपर्यंतच आहे तिला वेगळी समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळच निर्णय घेतं. अशा मध्यम कंपनीत तुमचा अर्ज निर्णय घेणाऱ्या माणसापर्यंत लवकर पोचतो. आधी एक पानी टिपण पाठवा, कारखान्याच्या एचआर विभागात फोन करून भेट मागा, त्यांना वर्ग पाहायला बोलवा. पूर्ण अर्ज त्यानंतर.

सीएसआरबद्दल एक गैरसमज इतका पसरलाय की खुद्द कंपन्यांचे लोकही तसं बोलतात. प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालत नाही म्हणून संस्था शिक्षिकांचं मानधनच कमी दाखवतात. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभारावरच्या खर्चाला आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा आणि त्यावर देखरेख ठेवण्याचा खर्च नियमांनुसार त्यात मोडत नाही. तुमच्या वर्गात शिक्षिका हाच प्रकल्प आहे. तिचं मानधन पूर्ण लिहा, न कचरता लिहा. एखादी कंपनी स्वतःच्या धोरणानं मर्यादा घालत असेल तर ती गोष्ट वेगळी, ते आधी विचारून घ्या.

सरकारी योजनांचं थोडक्यात सांगते. केंद्राच्या अनुदानासाठी नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवर नोंदणी लागते, आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्चल्याचा दाखला, द्यावं लागतं. तिथली खरी अडचण हप्ते उशिरा येण्याची असते. चार-सहा महिने शिक्षिकांचं मानधन पदरचं देता येईल इतकी शिल्लक मंडळाकडे नसेल तर सध्या या वाटेला जाऊ नका. परदेशातल्या नातेवाइकांच्या ओळखीनं तिथल्या मंडळाकडून पैसे घेऊ असंही तुम्ही म्हटलंय. एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना परदेशी देणगी संस्थेच्या खात्यात घेणं गुन्हा आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेली दुसरी संस्थासुद्धा आपल्याकडे आलेले परदेशी पैसे तुम्हाला देऊ शकत नाही.

कागदपत्रांत मला जास्त काळजी वाटते ती जुन्या मंडळांची, आणि तुमचं त्यातच येतं. सीएसआरचे पैसे बाहेरच्या संस्थेला द्यायचे तर तिच्याकडे आयकराची १२अ (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी हवी, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्ज भरून मिळणारा क्रमांक हवा, आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. तुमच्याकडे अकरा वर्षांचा आहे. पण ऑडिटच्या जमाखर्चात तो दिसतो का, हे आज बघा. पुष्कळ मंडळांच्या हिशोबात अभ्यासवर्गाचा खर्च, हळदीकुंकू आणि कोजागिरी सगळं ‘सामाजिक व सांस्कृतिक कार्यक्रम’ या एकाच शीर्षाखाली असतं. मग अकरा वर्षांचं काम कागदावर शून्य होतं. सीएंना सांगून या वर्षापासून वर्गाचं वेगळं खर्चाचं शीर्ष सुरू करा. मागच्या वर्षांसाठी व्हाउचरं काढून वेगळा तपशील तयार करून घ्या आणि त्यावर सीएंची सही घ्या. मुलांची हजेरीपुस्तकं, जुनी-फाटकी का होईना, जपून ठेवा.

दुसरं म्हणजे संस्थेच्या नियमावलीतलं उद्देशांचं कलम वाचा. मंडळ स्थापन झालं तेव्हा सण-उत्सव आणि भाषासंवर्धन एवढंच लिहिलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. त्यात शिक्षण नसेल तर शिक्षणासाठी अनुदान घेणं अडचणीचं ठरतं. सर्वसाधारण सभेत ठराव करून, १९७३ च्या मध्य प्रदेश सोसायटी कायद्याप्रमाणे पंजीयन कार्यालयातून दुरुस्ती करून घ्यावी लागते, आणि उद्देश बदलले की आयकर खात्याकडेही मुदतीत अर्ज करावा लागतो. याला वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यांत आधी. त्याच फेरीत कलम २७ ची कार्यकारिणीची यादी आणि कलम २८ चा ऑडिट अहवाल दरवर्षी दाखल झालाय ना, तेही तपासा. पॅन, बँक खातं आणि पंजीयन प्रमाणपत्र या तिन्हींवर संस्थेचं नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं.

सल्लागारांच्या दहा टक्क्यांबद्दल माझं मत पक्कं आहे: देऊ नका. अनुदानाचा रुपया ज्या कामासाठी मंजूर झाला त्याच कामावर खर्च झाला असं तुम्ही वर्षाअखेरीस सही करून सांगणार आहात. दलालीची ओळ बजेटमध्ये दाखवता येत नाही, म्हणजे ते पन्नास हजार कुठेतरी लपवावे लागतील. साहित्याची बिलं फुगवली जातील, किंवा शिक्षिकांच्या सह्या एका रकमेवर होतील आणि हातात दुसरीच पडेल. ज्या मुलांसाठी तुम्ही अकरा वर्षं झिजलात त्यांच्या नावावर असं होऊ देऊ नका. मदत जरूर घ्या, पण ठरावीक मोबदला देऊन, मंडळाच्या स्वतःच्या पैशांतून, आणि अर्ज मंजूर होवो न होवो तो द्यायचाच असं ठरवून. मदत करणाऱ्या व्यक्तीनं दोन दुपारी वर्गात बसायला हवं, ही अटही घाला. जी व्यक्ती वस्तीत पाऊल न ठेवता अर्ज लिहायला तयार आहे, तिच्या अर्जात पुन्हा ‘जागृतीचा अभाव’च येणार.

इंग्रजीचं उत्तर आता सोपं झालंय. साधं, चुका नसलेलं इंग्रजी पुरतं, आणि स्थानिक कंपन्यांकडे हिंदीतलं टिपणही चालतं, फक्त आधी विचारून घ्या. अर्ज पहिल्यांदा मराठीत किंवा हिंदीत लिहा, शिक्षिकांना वाचून दाखवा, त्या ‘असं नाही हो, असं होतं’ म्हणतील तिथे सुधारा. इंग्रजी करण्याचं काम त्यानंतर मंडळातल्या कुणाची कॉलेजात शिकणारी मुलगीही करू शकेल.

वेळेचं म्हणाल तर कंपन्यांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, आणि बजेट ठरण्याच्या सुमाराला टिपण त्यांच्या टेबलावर असलेलं बरं. म्हणून उद्देशांचं कलम आणि हिशोबाचं शीर्ष आताच हातात घ्या, मुलांची चाचणी दिवाळीनंतर घ्या, आणि जानेवारी-फेब्रुवारीत पीथमपूरच्या चार-पाच कारखान्यांना भेटा. आधी नकार देणाऱ्या तिघांनाही चार ओळींचं पत्र पाठवून विचारा की अर्ज क्षेत्रात बसत नव्हता, कागद कमी होते, की बजेट पटलं नाही. असे तीन पर्याय दिले की उत्तर द्यायला सोपं जातं. बजेटचा नवा खर्डा झाला की इथेच टाका, मी ओळीओळीनं पाहून देईन.